कीड नसलेल्या दाताची पुळी

बाळा, देवनारला दवाखाना थाटते आहेस, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. दहा-अकरा वर्षांचं पोर येईल. वरच्या पुढच्या दातावर, हिरडीला पुळी. दात बघावा तर कीड नाही, मार लागलेला नाही. आई विचारेल, "डॉक्टर, दात तर चांगलाय, मग पू कुठून येतो?" तेव्हा लगेच ड्रिल उचलू नकोस. हवा मारून दात कोरडा कर आणि आरसा मागच्या बाजूला धर. पटाशीच्या शेजारच्या दाताला टाळूच्या बाजूने सुईच्या टोकाएवढा खळगा दिसेल. दात घडतानाच इनॅमल आत दुमडलेलं असतं. त्या खळग्यात अन्न अडकतं, जंतू आत उतरतात, आणि बाहेरून काही न दिसता नस मरते.

लगोलग दुसऱ्या बाजूचा तोच दात बघ. पुष्कळदा तोही तसाच असतो. त्याची नस जिवंत असेल तर खळगा त्याच दिवशी बुजव. अवघड रूट कॅनालपेक्षा या छोट्या कामाचं मोल मला जास्त वाटतं.

ओहलर्स या दंततज्ज्ञाने 1957 मध्ये या दुमडीचे तीन प्रकार मांडले. पहिली दाताच्या दिसणाऱ्या भागापुरती, दुसरी मुळात उतरून तिथेच बंद होणारी. तिसरी मूळ भेदून बाहेर उघडते, आणि घाई नडते ती इथेच. पू दुमडीतून येत असतो, नस कधीकधी ठणठणीत असते. थंड लावून बघ, पल्प टेस्टर लाव. नस जिवंत निघाली तर फक्त दुमड साफ करून भर, नसेला हात लावू नकोस. साध्या एक्स-रेवर हे नीट कळत नाही, सीबीसीटी स्कॅन लागतो. त्याचा खर्च घरच्यांना झेपत नसेल तर गोवंडीहून हार्बरने थेट सीएसएमटी, तिथे सरकारी दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आहे. चिठ्ठीत काय दिसलं, काय केलं ते सगळं लिही. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवा" एवढ्यावर कुणाची बोळवण करू नकोस, बाई.

नस लहानपणीच मेली तर मुळाचं टोक उघडं राहतं. धुताना हायपोक्लोराइट तिथे जोराने सोडलंस तर ते हाडात जाईल, पोराचा गाल सुजेल. सुई टोकापासून मागे ठेव, हळू धू. मग एमटीए सिमेंटचा चारेक मिलिमीटरचा बूच, आणि त्यावर पक्कं भरण. सहा महिन्यांनी एक्स-रेला बोलावताना घरातल्या आणखी एकाचा नंबर लिहून घे, कारण आई कामावर असली की फोन उचलत नाही.