मांडव उतरू द्या, मग ताडोबा

चंद्रपूरच्या लग्नाला येताय आणि जोडून ताडोबाही करायचं म्हणताय, तर आत्याचं एवढं ऐका: आधी लग्न, मग जंगल. हळदीच्या पहाटे सफारीला पळालं की मन धड मांडवात राहत नाही, धड रानात लागत नाही. मुलीला बोहल्यावर आणायचं मामानं, आणि मामाच जिप्सीत! पाठवणी होऊ द्या, एक रात्र पाठ टेका, मग निघा.

तारीख धरताना पंचांगाशेजारी जंगलाचं वेळापत्रकही ठेवा. ताडोबा मंगळवारी बंद असतं, आणि गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद. लग्न सोमवारचं असेल तर मंगळवारी आराम, बुधवारी सफारी, आयतंच जुळतं. पत्रिका छापायला टाकाल त्याच दिवशी वनखात्याच्या संकेतस्थळावर बुकिंग करा. सुट्टीच्या दिवसांच्या जागा फार लवकर भरतात. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. नव्या सुनेला न्यायचं असेल तर तिच्या आधार कार्डावर माहेरचंच नाव असणार, तेच घाला. गेटवर मूळ ओळखपत्र मागतात. गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून परवान्याचा कागद छापून जवळ ठेवा आणि घरात दुर्बीण असेल तर ती आणा.

लग्न चंद्रपुरात असेल तर मोहर्ली गेट जवळ. चिमूरकडे किंवा नागपुरात असेल तर कोलारा, नवेगाव बघा. स्वस्त पडतं म्हणून लांबचं गेट घेऊ नका. पहाटे लहान पोरांना किती लवकर उठवावं लागेल ते आधी मोजा.

वैशाखातल्या लग्नाला आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पाणवठ्यावर जनावर दिसतं ते याच दिवसांत, पण सत्तरीच्या सासूबाईंना दुपारच्या फेरीला नेऊ नका, सकाळची घ्या. निघताना ताक किंवा पन्हं, डोक्याला ओला पंचा. माघातलं लग्न असेल तर उलट: उघड्या गाडीत पहाटेचा वारा हाडात शिरतो, कानटोपी आणि घोंगडी हवीच. कंबर दुखणाऱ्यांना मागच्या बाकावर बसवू नका, सगळे धक्के तिथे बसतात. गेटवरच लघवीला जाऊन या. आत मनात येईल तिथे उतरता येत नाही.

मांडवातलं अत्तर, गजरा, झगमग सगळं मुक्कामीच राहू द्या. नवरीचा हिरवा चुडा उतरवत नाहीत, त्यावर रुमाल घट्ट गुंडाळा. लाडू-चिवड्याची शिदोरी गाडीत उघडू नका आणि वानरांना तर एक दाणाही घालू नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ती गाड्यांवर येतात, आणि त्यात त्यांचाच जीव जातो.

आता खरं काम, ऐकण्याचं. गाडी थांबली, इंजिन बंद झालं की कुणी कुजबुजायचंही नाही. वाघाची चाहूल लागली की जनावरं हाका देतात, पण चितळ चटकन बिचकतं, त्याच्या एका हाकेवर फार विसंबू नका. झाडाच्या शेंड्यावरचं वानर एकाच दिशेला बघत खॅक खॅक करत राहिलं, तर कान टवकारा. आणि सांबराचा भरदार आवाज पुन्हा पुन्हा आला, तर जागा सोडू नका. सांबर उगाच ओरडत नाही. हाक कुठून कुठे सरकते आहे त्यावरून वाघाची चाल कळते. हे पोरांना आदल्या रात्रीच समजावा, म्हणजे वाघ दिसला नाही तरी त्यांची सकाळ कोरडी जात नाही. गाइडला ‘वाघ दाखवा’ म्हणून टोचू नका. तो बहुतेक आसपासच्याच गावचा असतो. त्याला कोळसुंदे विचारा, रानगवा विचारा, मोहाच्या दिवसांत अस्वल कुठे येतं ते विचारा, तलावातल्या मगरी विचारा. तारूची गोष्ट तर त्याच्याच तोंडून ऐका: वाघाशी झुंजताना पडलेला तो वीर, गोंडांचा देव, ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव आलं. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. तिथे हात जोडा.

आणखी एक, हे वरपक्षाच्याही कानावर घाला. जंगलाला लागून असलेल्या रिसॉर्टात डीजे आणि फटाक्यांचं लग्न मला अजिबात पटत नाही. तिथल्या गावातली माणसं मोह वेचायला पहाटे अंधारात रानात जातात आणि वाघाच्या तावडीत सापडतात. अशा ठिकाणी रात्रभर दणदणाट करून जनावरं बिथरवायची, हे पाहुण्याला शोभत नाही. सनई वाजवा, पंगत बसवा, वांग्याची भाजी पोटभर वाढा आणि वेळेवर दिवे मालवा.

परतीचं तिकीट सकाळच्या सफारीच्याच दिवसाचं काढणार असाल तर संध्याकाळचंच काढा. फेरी संपवून मुक्कामी यायचं, लाल धूळ धुवायची, जेवायचं आणि पुढे नागपूर गाठायचं, यात दुपार सहज जाते. गाइड आणि जिप्सीवाल्याचे वरचे पैसे सुटे करून आदल्या दिवशीच वेगळे ठेवा; आहेराच्या पाकिटांतच दोन पाकिटं त्यांच्या नावाची भरा.