म्हणींच्या पोटातील इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौंड तालुक्यात वरवंड हे गाव आहे. अशा एखाद्या गावात वर्षभर पुस्तक न उघडता परीक्षेस निघालेल्या नातवाला आजी सहज म्हणते, "आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?" आड म्हणजे अरुंद, खोल विहीर, पोहरा म्हणजे दोर बांधून तिच्यातील पाणी शेंदण्याचे भांडे. आता पुष्कळ घरी नळ आले, आड बुजले, पोहरे अडगळीत पडले. म्हण मात्र जिवंत राहिली.

काही वाक्प्रचार असे विहिरीकाठी जन्मले, तर काही रणांगणावर आणि राजवाड्यात. १७५८ साली नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधू रघुनाथराव यांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधू नदीकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या. त्या पराक्रमाची आठवण म्हणून, कोणी असामान्य यश मिळविले की 'त्याने अटकेपार झेंडा लावला' असे आपण म्हणतो.

दुसऱ्या एका वाक्प्रचारातही हेच रघुनाथराव भेटतात. पण तेथे कीर्ती नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे पुतणे, अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे, यांचा पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. लोक सांगू लागले, की रघुनाथरावांनी गारद्यांना 'धरावे' असे लिहून दिले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध'चा 'मा' करून ते 'मारावे' असे केले. तेव्हापासून मजकुरात फेरफार करून अर्थ फिरविणे यास 'ध चा मा करणे' म्हणतात.

परंतु या कथेला निर्विवाद पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवला. तरीही लोकांच्या तोंडी अडीचशे वर्षे आनंदीबाईच अपराधी ठरल्या आहेत.

म्हणून वाक्प्रचार आवडीने वापरावा, त्याचे मूळ शोधावे. पण ऐकीव कथेवरून कोणासही दोषी मानू नये. तसे केले, तर 'ध'चा 'मा' आपणच केला असे होईल.

स्वाध्याय
१. आड बुजला तरी त्याची म्हण का टिकली असेल?
२. रघुनाथरावांशी निगडित दोन वाक्प्रचार सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. घरातील वडीलधाऱ्यांकडून पाच म्हणी मिळवा व त्यांतील जुन्या वस्तूंची माहिती लिहा.