अनामिक कारागिराचा ॲम्प्लिफायर : एक पाठचिकित्सा

मराठीच्या तासाला पाठचिकित्सा शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना हमखास एक प्रश्न पडतो. जुन्या पोथ्यांतील पाठभेद पडताळण्याच्या या खटाटोपाचा व्यवहारात उपयोग काय? मलाही तो पडत असे. त्याचे उत्तर मला कल्याणच्या जुन्या बाजारात १,८०० रुपयांना घेतलेल्या एका व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने दिले. त्या यंत्राची ओळख कशी पटवली, त्यात काय बदल केले आणि काय करायचे टाळले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम एक कबुली. लोकलच्या मालडब्यातून तो बोजा डोंबिवलीला आणल्यावर मी तो उघडूनही पाहिला नाही. गिटार जोडली, आवाज आला, मन हरखले. चौथ्या दिवशी स्नेहसंमेलनाच्या तालमीत गिटार गळ्यात अडकवलेल्या माझ्या मित्राचे ओठ माइकला लागले आणि तो झटका बसून मागे कोसळला. सुदैवाने त्याला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी यंत्र उलटे करून तळाचा पत्रा काढला.

कारण समोरच होते. भिंतीतून येणाऱ्या वायरीत दोनच तारा होत्या, अर्थिंग नव्हते. त्यांपैकी एका तारेपासून चासीपर्यंत, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, एक कंडेन्सर लावलेला होता आणि तो काळाच्या ओघात गळका झाला होता. गिटारच्या तारा चासीलाच जोडलेल्या असतात. माइक मात्र अर्थ केलेला होता. मधला दुवा माझा मित्र झाला.

तेव्हा ठरवले, की आधी वाचायचे, मग हात लावायचा.

नावांचे व्याकरण

कारखान्यातील यंत्रावर पाटी असते, क्रमांक असतो. माझ्या यंत्रावर काहीच नव्हते. पत्रा हाताने कापलेला, भोके कानशीने मोठी केलेली. बटणांपाशी तेलरंगाने ‘माईक’ आणि ‘रेकॉर्ड’ एवढे दोनच शब्द. वाचता येण्याजोगा मजकूर उरला तो व्हॉल्व्हवर : ईसीसी ८३ दोन, ईएल ८४ दोन आणि ईझेड ८१ एक.

ही नावे म्हणजे एक छोटे व्याकरणच आहे. १९३४ पासून युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत पहिले अक्षर तापतारेचा दाब सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढचे अक्षर व्हॉल्व्हचा प्रकार सांगते. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, म्हणून ‘सीसी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देणारा पेंटोड. ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा रेक्टिफायर. आकड्यातील आरंभीचा ८ नऊ पिनांची बैठक दाखवतो. एवढे कळले की आराखडा न पाहताही वाक्यरचना कळते. लहान व्हॉल्व्ह ध्वनी वाढवतात, दोन ईएल ८४ आळीपाळीने ढकल-ओढ करून सुमारे १५ वॅट देतात आणि ईझेड ८१ सर्वांना वीज पुरवतो.

काळ आणि हेतू

व्हॉल्व्हवर ‘बीईएल’ अशी अक्षरे होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने असे व्हॉल्व्ह १९६१ पासून बनवले. पण म्हणून यंत्र १९६१ नंतरचे, असे म्हणणे घाईचे होईल. व्हॉल्व्ह दिव्यासारखे बदलता येतात. ते स्वतःचा काळ सांगतात, यंत्राचा नव्हे. बैठक मात्र पत्र्यात ठोकून बसवलेली असते. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आला, म्हणून मूळ बांधणी त्याआधीची नाही, इतकेच ठामपणे म्हणता येते. पोथीचा कागद आणि तिची बांधणी यांचा काळ वेगळा असू शकतो, हे आपण शिकतोच.

हेतूचा उलगडा मागच्या बाजूला झाला. तेथे ४, ८ आणि १६ ओहमच्या टोकांशेजारी ‘१००’ असे एक टोक होते. ही शंभर व्होल्टची लाइन. १५ वॅटसाठी ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ११ व्होल्ट लागतात, पण प्रवाह १.४ अँपियरच्या घरात जातो आणि लांब वायरीत बरीच शक्ती वाया जाते. तीच शक्ती १०० व्होल्टने पाठवली तर प्रवाह ०.१५ अँपियरवर येतो. गल्लीच्या टोकापर्यंत कर्णे लावायचे असतील तरच ही सोय हवी. म्हणजे ज्याला मी गिटारचा ॲम्प्लिफायर समजून घेतले, तो मुळात मांडवातला होता! ‘माईक’वरून भाषण किंवा कीर्तन, ‘रेकॉर्ड’वरून तबकड्या.

मग गिटारची खोबण कोठून आली? ती दुसऱ्या हाताची. मूळ कारागिराच्या तारा मेणदोऱ्याने एकत्र बांधलेल्या, प्रत्येक टोक आधी वळवून मग डाख दिलेला. गिटारच्या खोबणीजवळ मात्र प्लॅस्टिकची वायर आणि डाखाचे गोळे. हा प्रक्षेप ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अक्षर वेगळे दिसते.

मी करणार होतो ती चूक

चालू यंत्रात एका ईएल ८४ ची आतली पट्टी लालसर दिसू लागली होती. मापे घेतली. दोन्हींच्या सामाईक कॅथोडचा रेझिस्टन्स १३० ओहमचा होता आणि त्यावर १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे दोघांत मिळून ९४ मिलिअँपियर. या व्हॉल्व्हची पट्टी १२ वॅटपर्यंत उष्णता सोसते. हिशेब सरासरीने १३ च्या वर जात होता. मी निष्कर्ष काढला, की कारागिराचे गणित चुकले. १३० च्या जागी १८० ओहम घालायचे ठरवले आणि ठाण्यातल्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्या काकांकडे तो रेझिस्टन्स मागायला गेलो.

काकांनी हिशेब ऐकून घेतला. म्हणाले, “ग्रिडवर किती आहे ते पाहिलंस का?”

“नाही, काका.”

“मग आधी ते बघ. बांधणाऱ्याला शहाणा समजून सुरुवात करावी, बाळ.”

ग्रिडवर शून्य व्होल्ट हवे. एका व्हॉल्व्हच्या ग्रिडवर अडीच व्होल्ट निघाले, तेही धन! आधीच्या टप्प्यातून फक्त ध्वनी पुढे सोडणारा कागदी कंडेन्सर गळत होता आणि तो एकच व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढत होता. काकांनी दोन्ही कंडेन्सर बदलायला दिले. ते बसवल्यावर त्याच १३० ओहमवर १०.४ व्होल्ट आले, म्हणजे ८० मिलिअँपियर. प्रत्येकी ११ वॅटच्या आत. लाली गेली. कारागीर बरोबर होता. मी १८० ओहम घातले असते, तर दोष तसाच राहून योग्य पाठ मात्र कायमचा पुसला गेला असता.

एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. अशा कामांतला पहिला धडा हाच असावा, की दोष लेखकाचा की नक्कलकाराचा की काळाचा, हे ठरल्यावाचून दुरुस्ती करू नये.

जे बदल केले

सर्वांत आधी तीन तारांची वायर आणून अर्थिंगची तार चासीला स्क्रूने घट्ट बसवली, फ्यूज फेजच्या तारेत घातला आणि तो गळका कंडेन्सर काढून टाकला. दुसरे, गिटारची खोबण नीट जोडली : दहा लाख ओहमचा रेझिस्टन्स जमिनीकडे, ६८ हजारांचा ग्रिडकडे. तिसरा बदल आवडीचा. भाषण स्वच्छ यावे म्हणून शेवटाकडून मागे आणलेल्या उलट-पुरवठ्याची तार एका टोकाने सोडवली, तिला आवरण घालून चिठ्ठी बांधली. गिटारचा आवाज मोकळा झाला; उद्या कोणाला भाषण करायचे असल्यास तार पुन्हा जोडता येईल.

कोणी हे करू पाहील त्याच्यासाठी तीन सूचना. वायर भिंतीतून काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट राहतात. १० हजार ओहमच्या जाड रेझिस्टन्समधून ते उतरवून, मीटरने शून्य पाहूनच हात घालावा. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये. पहिल्यांदा वीज देताना शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा; आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. जाणत्या माणसाशिवाय तर काहीच करू नये.

बदल करणे म्हणजे मूळाचा अपमान, असे मात्र मला वाटत नाही. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेच्या फेंडर बासमनची जवळजवळ नक्कल होता. पहिल्या टप्प्यात मूळ व्हॉल्व्हऐवजी जास्त वाढ देणारा ईसीसी ८३ घातला गेला. अशा बदलांतून एक वेगळाच आवाज जन्मला. नक्कल करताना मूळ नीट वाचलेले होते, म्हणून बदलाला अर्थ आला.

संमेलनात तो ॲम्प्लिफायर वाजला. माझा मित्र पुन्हा माइकपाशी उभा राहिला. त्याआधी मी मीटर घेऊन गिटारच्या तारा आणि माइक यांमधील व्होल्ट मोजले व त्याला आकडा दाखवला : शून्य. त्याने हसून गळ्यात पट्टा अडकवला. चासीच्या आत, मूळ कारागिराच्या मेणदोऱ्याशेजारी, मी केलेल्या बदलांची तारखेसह यादी चिकटवून ठेवली आहे. पुढे हे यंत्र ज्याच्या हाती जाईल, त्याला तिसरा हात कोणाचा हे शोधत बसावे लागू नये.