वारा कुणी खायचा

पोरी, घाटाची भीती घालणारे तुला पुष्कळ भेटतील. साताऱ्याकडचे पसरणीचं सांगतील, पुण्याकडचे खंडाळ्याचं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, पेपरात त्याचा फोटो येतो. येऊ दे. आपल्या सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर घाट नाही, वारा शर्यत ठरवतो. मन घट्ट कर, असं तुला जो तो सांगेल; कशासाठी घट्ट, ते कुणी सांगणार नाही. मी सांगते. दुसरी पोरगी पुढं वारा खात असताना, पायात जोर असूनही, तिच्या मागं गप्प बसण्यासाठी. दमल्यावर रेटणं त्यापेक्षा सोपं असतं.

सपाटीवर ताशी पस्तीसनं चाललीस की तुझी बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढचीच्या चाकामागं हात-दीड हातावर राहिलीस तर त्यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. शर्यत तासाभराची असेल तर हिशेब तूच कर. 1989 सालच्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटर एकेकट्यानं जायचं होतं. लॉराँ फिन्याँ 50 सेकंदांनी पुढं होता, पण उघड्या डोक्यानं, मागं केसांची शेपटी उडवत गेला. ग्रेग लेमाँडनं पुढं काढलेलं हँडल लावलं, कोपरं जवळ घेतली, डोक्यावर निमुळतं हेल्मेट चढवलं. तीन आठवड्यांची शर्यत त्यानं 8 सेकंदांनी जिंकली. तुला तसलं हँडल नको, आणि घोळक्यानं धावायच्या शर्यतीत ते चालतही नाही. हात खालच्या वळणावर ठेव, कोपरं मोड, हनुवटी खाली घे. फुकटचं आहे ते.

आता आडवा वारा. हा आपल्याकडं कुणी नीट शिकवत नाही. सांगलीहून तासगावकडं निघालीस आणि वारा पश्चिमेचा असला, तर तो डाव्या अंगावर येतो. अशा वेळी आडोसा पुढचीच्या थेट मागं नसतो, उजवीकडं तिरका असतो. पुढची पोरगी रस्त्याच्या मधोमध चालत असेल तर तुला उजवीकडं जागाच उरत नाही, समोरून उसाची डबल ट्रॉली येत असते. तिला डाव्या कडेला घ्यायला सांग, ऐकत नसेल तर स्वतः पुढं होऊन रांग डावीकडं ओढ आणि मग बाजूला हो. परतताना तोच वारा उजवीकडून. तेव्हा आडोसा डावीकडं, आणि चारपाच जणी झाल्या की त्यांच्या मागच्या साईडपट्टीवर उतरतात, मुरुमावर घसरतात. म्हणून परतीच्या वळणाआधी पहिल्या चारांत पोचलेली अस. वळल्यावर पोचता येत नाही. वारा कुठला ते समजायला मोबाईल नको. हंगामात उसाचे तुरे बघ, नाहीतर गुऱ्हाळाचा धूर बघ. आणि काही झालं तरी तुझं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाच्या शेजारी नेऊन ठेवू नकोस. ती जरा हलली तर पडायची तूच, ती नाही.

पहिले पाच-सात किलोमीटर म्हणजे कुस्तीतली खडाखडी. त्यात कुणी निकाल लावत नाही. जी निशाण पडताच सुसाट सुटते, तिला जाऊ दे; गावातली मंडळी मोटारसायकलवरून तिला चेतवत असतात. (आपल्या घरच्यांना मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेव, मोटारसायकल घेऊन शेजारी यायचं नाही. त्यांच्या आडोशानं गेलीस तर ती लबाडी, आणि त्यांच्या ओरडण्यानं गेलीस तर तो मूर्खपणा.) तू तेवढ्यात बाकीच्यांकडं बघ. कुणाचे खांदे डुलायला लागले, कोण उगाच गिअर बदलते, कुणाची टाच खाली पडली, कोण चढ नसताना उभी राहते. तोंडं बघू नकोस, तोंडानं सगळ्याच खोटं बोलतात.

साताऱ्याकडं गेलीस तर हिशेब उलटा. पसरणीचा घाट वाईतून पाचगणीपर्यंत बारा किलोमीटरच्या आसपास. सरासरी चढ पाचेक टक्के, म्हणजे राक्षसी नाही, पण संपत नाही. चढावर वेग कमी, त्यामुळं मागं बसून मिळणारा फायदाही कमी. तिथं दुसरीच्या चालीनं चढू नकोस. पहिल्या दोन किलोमीटरला एखादं वाक्य सलग बोलता येईल इतकंच रेट. आतल्या अंगानं वळण घेतलंस तर चढ तिथं खडा असतो. बाहेरून जरा लांब पडतं, पण लय मोडत नाही. समोरचं दिसत असेल आणि रस्ता मोकळा असेल तरच बाहेर जा. डावीकडं-उजवीकडं धोम धरणाचं पाणी दिसतं, ते परत येताना बघ.

यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जाताना एक जागा आहे, मला ती फार आवडते. घाट संपला असं वाटतं, पोरी मान वर करतात, बाटली काढतात, एकमेकींकडं बघतात. रस्ता मात्र पुढं पठारावर खालीवर चालूच असतो, आणि वर वारा उघडा. तिथं बाटलीला हात लावू नकोस. एक गिअर जड कर आणि जा. घाटात दहा सेकंद काढायला जीव जातो, ते इथं तीस-चाळीस पायडलांत निघतात. पाणी घाटाच्या आधी पिऊन ठेवलेलं असलं पाहिजे, एवढंच.

कधीतरी तूही मागं सुटशील. पुढचीचं चाक हातभर लांब जाईल, मग दोन हात. तेव्हा डोक्यात एक आवाज येतो, आज आपला दिवस नाही म्हणून. तो आवाज प्रत्येकीच्या डोक्यात त्याच मिनिटाला येतो, पुढचीच्याही. म्हणून सोडायचं ठरवण्याआधी तीस पायडल मोज. मोजून होईपर्यंत बहुतेक वेळा पुढची सैल पडलेली असते. नाही पडली तर आणखी तीस. त्यानंतरही गेली तर जाऊ दे, मागून येणाऱ्या दोघींना येऊन मिळू दे, आळीपाळीनं वारा खा. एकटीनं सपाटीवर पाठलाग करणं म्हणजे हरायला घाई करणं.

खाण्याचं थोडक्यात. भूक लागल्यावर खाल्लंस तर उशीर झाला. दीड तासाच्या पुढची शर्यत असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच केळं, मग थोडी गूळपोळी किंवा राजगिऱ्याचा लाडू, कागद आधीच सोलून खिशात ठेवलेला. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार जाण्याची सायकल शर्यत एकेकट्यानं पुरी केली, बारा दिवसांच्या आत. अशा माणसांच्या मनाचं आपण कौतुक करतो, ते करावंच, पण त्यांच्यामागं गाडीत बसून घड्याळ बघत खाऊ घालणारी माणसं असतात. तुझ्यामागं कुणी नसेल, घड्याळ तूच बघ.

शेवटचा किलोमीटर आदल्या संध्याकाळी सायकलवरून जाऊन बघ. शेवटच्या कमानीच्या आधी स्पीडब्रेकर असतोच, बहुतेकदा न रंगवलेला. शाळेपाशी एक, देवळापाशी एक. कारखान्याचा हंगाम असेल तर वळणावर उसाच्या कांड्या आणि चिखल. वारा समोरून असेल तर कमानीआधी दीडशे मीटरपर्यंत दुसरीच्या मागून बाहेर पडू नकोस. पाठीमागून असेल तर अडीचशेवरनंच सूट, मागचीला आडोशाचा फारसा फायदा उरत नाही. हलगी वाजायला लागली की माणसं रस्त्यावर पुढं सरकतात, रस्ता निम्मा होतो. मोकळी बाजू कुठली राहील ते आदल्या दिवशीच ओळख. चहाच्या टपरीची बाजू कधीच मोकळी राहत नाही.

आणि बक्षीस समारंभ लांबतो. पाहुणे उशिरा येतात, मग भाषणं. घामेजल्या कपड्यात तशीच बसू नकोस, आधी कोरडं अंगात घाल, काहीतरी खा, आणि सायकल मंडपाच्या मागं लावू नकोस, डोळ्यांसमोर ठेव.