बदललंस, पण का?

चि. बाळास,

तुझ्या सॉफ्टवेअर पॅकेजच्या नव्या आवृत्तीवरून सोबत्यांशी तुझं वाजलं आणि तू अंग काढून घ्यायच्या बेतात आहेस, असं वहिनींकडून कळलं. चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, नीट लिही असं ते म्हणाले, तर ‘कोड वाचा, त्यात सगळं आहे’ हे तुझं उत्तर! कोड तू चांगलाच लिहिला असशील. हे वाक्य मात्र खुपलं.

का, ते सांगतो. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. साल नोंदवलं, पाठभेदांचं कारण नोंदवलं, पुढे कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. पण कुठली ओवी कशी बदलली, याची यादी आपल्या हाती नाही. म्हणून आपल्या बीडच्या पाटांगणातली पोथी नाथांच्या आधीची आहे असं म्हणत इतिहासकार राजवाड्यांनी 1909 साली ती छापली, तेव्हा वाद शब्दाशब्दावर आला. शुद्ध पाठ सगळ्यांपुढे होता. त्यातून आधीचं काय गेलं, का गेलं, हे निघेना. नाथांकडे प्रत्येक बदल टिपणारं गिट नव्हतं, तुझ्याकडे आहे. पण गिटसुद्धा कुठली ओळ गेली तेवढंच दाखवतं. का गेली, ते तुलाच लिहावं लागतं.

तू म्हणशील, नोंदीनं चूक थोडीच टळते? खरंय. 2006 साली डेबियन या लिनक्स प्रणालीत ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या कोडमधल्या दोन ओळी बंद केल्या, व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन कुरकुरत होतं म्हणून. चेंजलॉगमध्ये तसं लिहिलंही होतं. तरी त्या बदलामुळे एका जातीच्या यंत्रावर, एका आकाराच्या जेमतेम 32,768 वेगळ्या कूटकिल्ल्या बनू लागल्या, आणि ते उघड व्हायला मे 2008 उजाडला. पण उघड झाल्यावर कुठल्या आवृत्तीपासूनच्या किल्ल्या बाद करायच्या ते सांगता आलं. हेतूही लिहिलेला होता, तेव्हा घातपाताचा संशय धरायला जागा उरली नाही. नोंद उद्या तुझीही अशीच बाजू घेईल, बाळा. वेळ नाही म्हणतोस? ‘किरकोळ दुरुस्ती’ऐवजी ‘तारीख रिकामी असली की आयात बंद पडायची, आता ती नोंद वगळून काम पुढे जातं’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? तुझं पॅकेज वापरणाऱ्याची मात्र रात्र वाचते.

फार बोललो का? तू काम सोडू नकोस, एवढंच मागणं. इंग्रजी अडत असेल तर आधी मराठीत खरड. सोबत्यांना फोन कर. पहिला फोन आपण केला म्हणून कुणी लहान होत नाही. पोळ्याला ये, वहिनी धपाटे करणार आहेत. आणि जागरणं जरा कमी कर.

तुझा,
काका