मांसभक्षक पाळीव प्राण्यांचा आहार : मांजर व फेरेट

छत्तीसगड हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर असलेल्या सिलतरा येथे आज पोलादाचे व स्पंज आयर्नचे कारखाने उभे आहेत. परंतु सभोवतालच्या गावांत अद्याप धानाची शेती होते. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती आणि रायपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे आजही नांदत आहेत. अशा घरात मांजर पाळले की त्याच्यापुढे वाटीभर दूधभात किंवा दूधपोळी ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या अन्नावर पूर्वीची मांजरे जगली. मग आज ते अपुरे का म्हणावयाचे?

याचे उत्तर धान्याच्या कोठीत सापडते. शेतकऱ्याच्या घरचे मांजर दूधभात खाई, पण त्याचे खरे पोषण कोठीतील उंदरांवर होत असे. उंदराच्या शरीरात प्रथिने व स्निग्ध पदार्थ भरपूर असतात आणि कर्बोदके अगदी अल्प असतात. कारखान्याच्या वसाहतीतील बंद घरात वाढलेल्या मांजराला ही शिकार मिळत नाही. जी वाटी पूर्वी जोडीला असे, तीच आता त्याचा संपूर्ण आहार होऊन बसते.

भातात काय नसते?

कुत्रा भातपोळीवर बऱ्याच अंशी निभावून नेतो. माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचविण्याची त्याची शक्ती वाढलेली आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात दिसून आले. मांजराच्या बाबतीत असे घडले नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातूनच मिळवावे लागते. भातात व पोळीत टॉरिन नसते. ते न मिळाल्यास मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होऊन त्याला अंधत्व येते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याच उणिवेमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते, हे १९८७ साली उघडकीस आले. हा ऱ्हास मंद गतीने होत असल्यामुळे घरच्या माणसांच्या तो पुष्कळदा ध्यानातच येत नाही. शिवाय प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दुग्धशर्करा पचत नाही. त्यांना दुधाने हगवण लागते.

फेरेटची पचनसंस्था

फेरेट हा यूरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळलेला आहे. तो पाणमांजराच्या कुळातील आहे. दिसण्यात तो मुंगसासारखा वाटला तरी मुंगसाचे कूळ निराळे आहे. शिवाय मुंगूस हा वन्य प्राणी असल्याने तो पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. फेरेटचे आतडे आखूड असून त्यात अंधनाल नसते. खाल्लेले अन्न सुमारे ३ ते ४ तासांत बाहेर पडते. एवढ्या अवधीत धान्य, भाज्या व फळे यांचे नीट पचन होऊ शकत नाही. धान्यातील व कडधान्यातील प्रथिनांवर वाढविलेल्या फेरेटला मूतखडा होण्याचा धोका असतो. मांजराला गोड चव कळत नाही; फेरेटला मात्र गोड आवडते, आणि तोच त्याचा घात करणारा गुण आहे. मनुका, केळे, बिस्किटे तो आवडीने खातो म्हणून ती त्याला मानवतात असे नव्हे. स्वादुपिंडाच्या गाठींमुळे रक्तातील साखर उतरण्याचा विकार या प्राण्यात वारंवार आढळतो. यास्तव गोड पदार्थ त्याला मुळीच देऊ नयेत.

वर्ज्य पदार्थ

कांदा व लसूण हे कच्चे, शिजविलेले किंवा भुकटीच्या रूपात असले, तरी तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. मांजराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ५ ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करण्यास पुरतो. म्हणजे ४ किलोग्रॅमच्या मांजराला केवळ २० ग्रॅम. वाटणाच्या रश्शातील मांसाचे तुकडे धुऊन दिले, तरी ते सुरक्षित ठरत नाहीत.

चहा, कॉफी व चॉकलेट यांतील द्रव्ये हृदयाचे ठोके वाढवितात व झटके आणतात. द्राक्षे व मनुका यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामागे चिंचाम्ल असावे असे मत २०२१ साली पुढे आले आणि पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही हाच विकार आढळला. म्हणून चिंचेची आमटी कालविलेला भात कुत्र्यालाही घालू नये. मांजर व फेरेट यांच्या बाबतीतही तीच सावधगिरी इष्ट होय. शिजविलेल्या हाडांच्या फासळ्या आतड्यात रुततात. खारविलेली सुकी मासळी वर्ज्य समजावी. काही जातींच्या कच्च्या माशांनी ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

योग्य आहार

मीठमसाला न घालता उकडलेले कोंबडीचे मांस, काटे काढलेला शिजविलेला मासा व उकडलेले अंडे हे पदार्थ मांजराला व फेरेटला चालतात. कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या हृदयात टॉरिन विशेष असते. ते उकळताना पाण्यात उतरते. म्हणून ते पाणी फेकून न देता मांसाबरोबरच वाढावे. यकृत मात्र क्वचित व थोडे द्यावे. रोज दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मणक्यांची हाडे विकृत होतात. केवळ मऊ मांसावर पिलू वाढविणेही चूक आहे, कारण त्यात कॅल्शियम अत्यल्प असते व हाडे ठिसूळ होतात. यास्तव त्या त्या प्राण्यासाठी बनविलेले समतोल अन्न हाच मुख्य आहार ठेवावा आणि घरचे पदार्थ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावेत.

आहारातील बदल हळूहळू करावा. दूधभाताला सरावलेले मांजर नवे अन्न नाकारते. ते काही दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून जिवाला धोका उत्पन्न होतो. म्हणून आठदहा दिवसांत जुन्या अन्नाचे प्रमाण क्रमाने घटवावे.

निषिद्ध पदार्थ खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये आणि माणसाची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. काय खाल्ले, किती व केव्हा, हे लिहून घेऊन प्राण्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. या भागात दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुक्या प्राण्याला खाऊ घालणे हे पुण्यकर्म मानले जाते; ज्या अन्नाने त्याचे शरीर घडते ते अन्न त्याच्यापुढे ठेवल्यानेच ते पुरे होते.