लाकडात तास पाडणारा नांगर

जुन्या सागवानी कपाटाचे दार जवळून पाहा. भोवती चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये पातळ फळी, अशी त्याची रचना दिसेल. ही फळी चौकटीला खिळ्यांनी ठोकलेली नसते, की सरसाने चिकटवलेलीही नसते. चौकटीच्या आतील कडेला पाडलेल्या खोबणीत ती नुसती सरकवलेली असते. हा सुताराचा आळस म्हणावा काय? मुळीच नाही.

लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. त्यानुसार ते फुगते व आखडते. मात्र हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. ओले सागवान पूर्ण वाळवले, तर तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्यात जेमतेम फरक पडतो. पण वाढवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने ते सुमारे ५ टक्के आखडते. या दिशेने रुंदी असलेली ३०० मिमीची फळी घ्या. उन्हाळा आणि पावसाळा यांत तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले, तर तिची रुंदी सुमारे ३ मिमीने वाढेल. फळी पक्की चिकटवलेली असेल, तर एक तर ती उन्हाळ्यात तडकेल, नाही तर पावसाळ्यात चौकटीचे सांधे उकलतील. खोबणीत तिला हलायला जागा मिळते.

अशी अरुंद, सरळ खोबण साध्या रंध्याने पडत नाही. इंग्लंडमधील सुतार त्यासाठी खास रंधा वापरत. त्याचे नाव 'प्लाऊ', म्हणजे चक्क नांगर! रॉयल सोसायटीचे सदस्य जोसेफ मॉक्सन यांनी १६७८ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामाच्या वर्णनात तो आढळतो. त्याच्या तळाशी लोखंडाची उभी, पातळ पट्टी असते. ती खोबणीत उतरते. बाजूची सरकती लाकडी पट्टी कडेपासूनचे अंतर कायम ठेवते, तर खोलीचा अटकाव ठरावीक खोलीला रंधा थांबवतो. याच्याबरोबर बहुधा आठ पाती मिळत : १/८ ते ९/१६ इंच, प्रत्येकी १/१६ इंचाच्या फरकाने.

गंमत अशी, की काम पलीकडच्या टोकाकडून सुरू करतात. तेथे आखूड हात मारायचे आणि हळूहळू मागे यायचे. मग आधी पडलेली खाचच रंध्याला वाट दाखवते.

तंतूंना आडवी खाच पाडणे मात्र अवघड. पाते तंतू कापण्याऐवजी उपटू लागते आणि कडा फाटतात. म्हणून आडव्या खाचेच्या रंध्यात मुख्य पात्यापुढे दोन लहान सुऱ्या असतात. त्या दोन्ही कडांचे तंतू आधी तोडतात. हा रंधा नसेल, तर करवतीने दोन काप घेऊन मधले लाकूड पटाशीने काढतात. तळ समपातळीत आणायला ठोकळ्यातून एकच पाते खाली डोकावणारे हत्यार असते. इंग्रज सुतारांनी त्याला 'म्हातारीचा दात' म्हटले आहे, आणि आकार पाहता नाव चपखल आहे.

आता एक निरीक्षण करा. पावसाळ्यात अशा दाराच्या फळीवर, चौकटीच्या उभ्या कडेला अगदी लागून, पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. दोन्ही बाजूंना ओढा. मे महिन्यात रेघ आणि चौकट यांतील अंतर मोजा व दोन्ही बाजूंच्या अंतरांची बेरीज करा.